आवृत्ती जुनी, हाडं तीच

आमच्या घोडबंदरला पूर्वी घोडे उतरत असत, म्हणून त्याचं नाव घोडबंदर, असं सांगतात. खरं-खोटं त्या घोड्यांना ठाऊक. पोर्तुगीजांनी इथल्या टेकाडावर किल्ला बांधला, १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला आणि १८१८ साली इंग्रजांनी. म्हणजे आमच्या गावातली सर्वांत जुनी आणि नामांकित वास्तू ही मुळातच सेकंडहँड. पहिल्या मालकाने वापरली, दुसऱ्याने घेतली, तिसऱ्याने त्याच्याकडून घेतली. 'आम्हाला कोराच किल्ला हवा, हा तर पोर्तुगीजांच्या हातचा' असं म्हणून मराठे खाडीवरून परत फिरल्याचं कुठल्याही बखरीत वाचलेलं नाही.

हा इतिहास मला आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याला ऐकवायचा होता. तिसऱ्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात त्यांचं नाव मी इथे देत नाही. कारण ते हा लेख वाचतील, आणि आमच्या इमारतीला जिना एकच आहे. आपण त्यांना तिसरा मजला म्हणू.

झालं असं की आमच्या कन्येला एमबीबीएसला प्रवेश मिळाला. 'नीट' नावाच्या परीक्षेने दोन वर्षं आमच्या घरातलं काहीच नीट राहू दिलं नव्हतं. यादीत तिचं नाव लागलं तेव्हा हिने देवापुढे साखर ठेवली, मी इमारतीत पेढे वाटले, आणि चौथ्या दिवशी पुस्तकांची यादी आली. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. विषय तीनच, पण एकेका विषयाचे खंड, प्रत्येक खंडाला ॲटलास, ॲटलासला पुरवणी, शिवाय प्रॅक्टिकलची पुस्तकं निराळी. मी बेरीज केली. मग चष्मा पुसून पुन्हा केली. दोन्ही वेळा चौदा हजारांच्या वर गेली. आणि हे पहिलं वर्ष! पुढे पॅथॉलॉजी, फार्माकोलॉजी, मेडिसिन, सर्जरी ही सगळी मंडळी रांगेत उभीच होती. घोडं कुठे पेंड खातं ते माझ्या तेव्हाच ध्यानात आलं.

"जुनी मिळतात, बाबा," कन्या म्हणाली. "सीनियर्स देतात. नाहीतर माटुंग्याला."

नेमका त्याच वेळी तिसरा मजला पेढ्यांची पोच द्यायला दारात उभा होता.

"जुनी?" ते म्हणाले. "अहो, डॉक्टरीची पुस्तकं जुनी? गोष्टींची पुस्तकं जुनी घ्या, माझी हरकत नाही. पण शिळं अन्न आणि जुनं वैद्यक, दोन्हींनी माणूस दगावतो!"

वाक्य मोठं ठसकेबाज होतं. हिने लगेच माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आत्ताच एखाद्या पेशंटला दगावून आलो आहे. मी गप्प बसलो. चांगलं उत्तर मला नेहमी पाहुणा जिना उतरल्यावर सुचतं. तेव्हा ते उत्तर आता लेखी देतो.

पहिली गोष्ट, जुन्या पुस्तकांची लाज ही नवी वस्तू आहे. आमच्या लहानपणी जून महिना उजाडला की वरच्या इयत्तेतल्या मुलाचं दार ठोठवायचं, हा रिवाज होता. पुस्तक धड असेल तर पाऊण किंमत, पाठकोरं सुटलेलं असेल तर निम्मी, आणि कव्हरासकट पहिला धडाही गेलेला असेल तर फुकट. मी इतिहासाचं एक पुस्तक वर्षभर वापरलं, त्याला शेवटची सोळा पानं नव्हती. त्यामुळे पेशवाई बुडाल्याचं मला वार्षिक परीक्षेत कळलं. पण त्याबद्दल मला कुणी हिणवलं नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांची पेशवाई त्या वर्षी शाबूत होती.

दुसरी गोष्ट हाडांची. ॲनाटॉमी शिकायला हाडं लागतात. प्लॅस्टिकची मिळतात, पण खऱ्या हाडांचा संच म्हणजे 'बोनसेट' हा वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे येतो, आणि तो घेताना कुणीही नाक मुरडत नाही. आमच्या घरी तो पिशवीतून आला तेव्हा ही दोन दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, ही गोष्ट वेगळी. आता मला सांगा, खरं हाड कोरं कुठे मिळतं? ते कुणीतरी जन्मभर वापरलेलंच असतं. एके काळी जगभरच्या कॉलेजांना सांगाडे पुरवणारा सर्वांत मोठा देश आपलाच होता; १९८५ साली सरकारने ती निर्यात बंद केली. आणि डिसेक्शनच्या टेबलावर जो देह असतो, तो तर एखाद्या अनोळखी माणसाने आपलं वापरून झाल्यावर मुलांना शिकायला ठेवून दिलेला असतो. ज्या विद्येत पहिला गुरूच असा वापरलेला देह, तिथे पुस्तकाने मात्र कोरं असावं हा हट्ट कशासाठी?

तिसरी गोष्ट आवृत्त्यांची. हेन्री ग्रे नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५८ साली शरीररचनेवर एक ग्रंथ लिहिला. तोच जगप्रसिद्ध 'ग्रेज ॲनाटॉमी'. बिचारा ग्रे १८६१ साली देवीच्या रोगाने वारला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. पण पुस्तक काही मेलं नाही. २०२० साली त्याची ४२ वी आवृत्ती निघाली. त्या पहिल्या आवृत्तीतली ३६३ चित्रं काढणारा हेन्री कार्टर हा तर आपल्या मुंबईचाच. म्हणजे १८५८ सालीच तो इथे आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमीचा प्रोफेसर झाला आणि पुढे प्रिन्सिपॉलही. पुस्तकाच्या दर हजार प्रतींमागे ग्रेला पैसे मिळायचे. कार्टरला चित्रांबद्दल एकदाच १५० पौंड दिले आणि विषय संपला. तेव्हा नव्या आवृत्तीने कुणाचं भलं होतं, हा प्रश्न तसा पहिल्या आवृत्तीपासूनचा आहे.

कार्टरने मांडीचं हाड काढलं त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली. एवढ्या काळात मुंबईतल्या ट्रॅम गेल्या, गिरण्या गेल्या, एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. मांडीचं हाड मात्र आहे तिथेच आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण २०६ हाडं असतात. ती वाढवून दाखवणं अजून कुठल्याही प्रकाशकाला जमलेलं नाही.

मग आवृत्तीत बदलतं काय? हे पाहायला मी आणि कन्या एका संध्याकाळी एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या घेऊन बसलो. नवी तिच्या मैत्रिणीची, जुनी आमची. प्रकरण हाताचं. तिने वाचायचं, मी ताडून पाहायचं. आयुष्यभर कचेरीत मूळ प्रत आणि नक्कल ताडून पाहण्यात गेल्यामुळे हे काम माझ्या हातचं होतं. अडीच तासांनी आमचा अहवाल तयार झाला तो असा : पान ६३ चं पान ७१ झालं आहे. नसा आधी पिवळ्या होत्या, त्या आता गर्द पिवळ्या झाल्या आहेत. दोन आकृत्यांनी जागा बदलल्या आहेत. आणि रोगाशी संबंध सांगणाऱ्या चार चौकटी नव्याने घातल्या आहेत. त्या चौकटी खरोखर चांगल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे. कन्येने त्या वहीत उतरवून घेतल्या. दोन पानं भरली. या दोन पानांसाठी बाजारात नवी आठशे पानं विकत घ्यायची, आणि जुनी आठशे पानं रद्दीत घालायची, असा एकूण व्यवहार आहे.

यावर प्रस्तावना काय म्हणते? 'आमूलाग्र सुधारित'! प्रत्येक आवृत्ती आमूलाग्र सुधारित. एवढ्या वेळा आमूलाग्र सुधारण्यासारखं आधीच्या आवृत्तीत होतं तरी काय, हा प्रश्न मग त्यांनाच विचारावासा वाटतो. पान बदललं की वर्गात गोंधळ होतो. सर म्हणतात, "पान दोनशे बारा उघडा," आणि जुन्या आवृत्तीवाल्याच्या दोनशे बारावर कोपराऐवजी काख येते. मग पुढल्या वर्षी नोटीस लागते की नवीच आवृत्ती आणावी. तोंडी परीक्षेत काही परीक्षक 'कुठलं पुस्तक वाचलंस' एवढ्यावर थांबत नाहीत, 'कितवी आवृत्ती' हेही विचारतात. मुलीच्या डोक्यात काय आहे ते विचारायचं सोडून तिच्या बापाच्या खिशात काय होतं याची ही चौकशी.

आता तिसऱ्या मजल्याच्या बाजूने बोलतो. कारण एका बाबतीत ते बरोबर होते, आणि ते मला माझ्या मूर्खपणामुळे कळलं.

आम्ही माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे गेलो होतो. मीरा रोडहून लोकल, पुढे चालत. कन्येने यादीबरहुकूम ॲनाटॉमीचे खंड आणि फिजिऑलॉजी घेतलं. मला चेव आला. एवढं स्वस्त मिळतंय तर पुढच्या वर्षांचंही आत्ताच घेऊन टाकू, असं म्हणून मी सार्वजनिक आरोग्याचं एक जाडजूड पुस्तक आणि औषधांचं एक, अशी दोन उचलली. पुस्तकवाल्याने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ही नका नेऊ, साहेब," तो म्हणाला. "शरीर जुनं चालतं. औषध जुनं चालत नाही."

"मग ठेवलंत कशाला?"

"बघायला नेतात लोक. शिकायला नका नेऊ."

मी हट्टाने नेली. स्वस्त वस्तू कुणी देऊ नये म्हणाला की मला ती हवीच वाटते. घरी आल्यावर कन्येने सार्वजनिक आरोग्याचं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की सरकारी कार्यक्रमात क्षयाच्या पेशंटला आठवड्यातून तीन दिवस औषध द्यावं. २०१७ सालापासून ते रोज देतात. कार्यक्रमाचं नाव बदललं, लसींची यादी बदलली, आणि ज्या पोलिओशी झुंजण्यावर त्यात पानंच्या पानं होती, त्या पोलिओतून भारत मुक्त झाल्याचं २०१४ साली जाहीरही होऊन गेलं.

"बाबा," ती म्हणाली, "हे वाचून मी कुणाला औषध दिलं तर?"

शिळं अन्न आणि जुनं वैद्यक. मी जिन्याकडे बघायचं टाळलं.

आणि हे एवढंच नाही. १९५६ सालापर्यंतच्या पुस्तकांत माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असत; त्या वर्षी नीट मोजल्यावर ती ४६ निघाली. पोटातला अल्सर काळजीने आणि तिखटाने होतो, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जात होतं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरने १९८४ साली जंतू घातलेलं पाणी स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतलं आणि बऱ्याचशा अल्सरांच्या मुळाशी एक जंतू असतो हे लोकांच्या गळी उतरवायला सुरुवात केली. २००५ साली त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला नोबेल मिळालं. जुन्या आवृत्तीवर विसंबून राहिलेला डॉक्टर त्यानंतरही पेशंटला 'काळजी करू नका, दूध प्या' एवढंच सांगत बसला असता.

तेव्हा माझं म्हणणं 'जुनं ते सोनं' असं मुळीच नाही. जुनं ते कधी सोनं असतं, कधी शिसं. माझं म्हणणं एवढंच, की कुठलं काय ते शिकवणाऱ्यांनी सांगावं. एका कागदावर लिहावं : ॲनाटॉमीला मागच्या दोन-तीन आवृत्त्या चालतील, फिजिऑलॉजीला चालतील, पण अमुक प्रकरण नव्यातून वाचा, औषधं, लसी आणि सरकारी कार्यक्रम मात्र ताजेच हवेत. जे फुटपाथवरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता आलं, ते कॉलेजच्या नोटिशीत मावत नाही काय? पण तिथे सरसकट 'लेटेस्ट एडिशन' असं लिहिलं की काम भागतं. सरसकट लिहिणाऱ्याला चौकशी करावी लागत नाही. चौकशी करावी लागते ती बापाला, आणि तीही पतपेढीत.

आता कुणी म्हणेल की लेखकाने आणि प्रकाशकाने खायचं काय? रास्त प्रश्न आहे. म्हणूनच मी पुस्तकाच्या चोरट्या छापील प्रतींची बाजू घेत नाही. पण रीतसर विकलेलं पुस्तक पुढे विकणं ही चोरी नव्हे. अमेरिकेत शिकणाऱ्या एका थाई विद्यार्थ्याने आपल्या देशातून स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून तिथे विकली, तेव्हा प्रकाशकाने त्याला कोर्टात खेचलं. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला. आमच्या रद्दीवाल्यांना हा कायदा कोर्टात न जाताच ठाऊक होता. आणि आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, तो ज्या इंग्रजी पुस्तकांवर शिकला त्यांतली कित्येक 'इएलबीएस'ची होती. गरीब देशांतल्या मुलांना परवडावीत म्हणून ब्रिटिश सरकारच्या मदतीने ती स्वस्तात निघत. नव्वदच्या दशकात ती माला बंद पडली. स्वस्त पुस्तकांवर शिकलेल्या त्या डॉक्टरांनी पेशंटही स्वस्तात मारले, असं काही ऐकिवात नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण पुढे एक गोष्ट घडली.

आमच्या इमारतीच्या मागे, गावात, एक टेम्पो चालवणारे गृहस्थ राहतात. त्यांच्या मुलालाही त्याच वर्षी प्रवेश मिळाला. पहिल्या दिवसापासून त्याचं सगळंच जुनं : पुस्तकं, ॲप्रन, बोनसेट, खालच्या पायऱ्या झिजलेला चपलांचा जोड. एकदा तो आमच्या जिन्यात कन्येची वही परत द्यायला आला होता. तिसऱ्या मजल्याने त्याच्या हातातलं पुस्तक पाहिलं. कव्हर दोऱ्याने शिवलेलं होतं. मुलगा खाली उतरून गेल्यावर ते मला म्हणाले, "ज्यांना साधी पुस्तकं परवडत नाहीत, त्यांनी डॉक्टर व्हायला जावं कशाला?"

ते वाईट गृहस्थ नाहीत. गणपतीला सर्वांत मोठी वर्गणी त्यांची असते. पण त्या वाक्याने मला रात्री झोप आली नाही.

कारण आमचा घोडबंदर रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. गायमुखचा चढ, काजूपाडा, पुलाकडची रांग. एकदा कंटेनर आडवा झाला की दोन्हीकडची गाडी जागची हलत नाही. अशा रात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर शहरातला मोठा डॉक्टर त्याच्या नव्याकोऱ्या ग्रंथसंग्रहासकट रस्त्याच्या पलीकडे अडकलेला असतो. दार ठोठवायचं तर ते इथे राहणाऱ्याचंच. आणि इथे राहायला कोण येणार? ज्याला इथली बोली कळते, ज्याची आई खाडीकाठच्या बाजारात बसते, ज्याला चेण्यापासून काशीमिऱ्यापर्यंतचे सगळे आडरस्ते बापाच्या टेम्पोमुळे पाठ आहेत, तोच. त्याला आपण दारातच विचारणार, 'कितवी आवृत्ती?'

म्हणून मी म्हणतो, पुस्तकाचा प्रश्न हा पुस्तकाचा नाही. चौदा हजारांची यादी ही चाळणी आहे. प्रवेश परीक्षेने एकदा चाळलेल्या मुलांना ती पुन्हा चाळते, आणि या वेळी मुलं गळतात ती अकलेने कमी असतात म्हणून नव्हे. पहिल्याच महिन्यात 'माझ्याकडे ते पुस्तक नाही' असं तीनदा सांगावं लागलेला मुलगा चौथ्यांदा प्रश्न विचारत नाही. मागच्या बाकावर जाऊन बसतो. मागच्या बाकावर बसलेला डॉक्टर कुणाला हवा आहे?

उपाय मोठे नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारची पुस्तकपेढीची योजना आहे. तशी पेढी प्रत्येक कॉलेजात सगळ्याच गरजूंसाठी का असू नये? पास होऊन पुढे गेलेल्याने आपली पुस्तकं किलोवर न विकता खालच्या वर्गाला द्यावीत. जुन्याबरोबर बदलांचा एक कागद जोडावा. आणि परीक्षकांनी तोंडी परीक्षेत आवृत्तीऐवजी आजार विचारावा.

हे सगळं मी तिसऱ्या मजल्याला एका रविवारी तोंडी ऐकवलं. किल्ल्यापासून हाडांपर्यंत सगळं. जिना चढून जाऊन ऐकवलं, म्हणून दम लागला होता आणि त्यामुळे ते अधिकच कळकळीचं वाटलं असावं. ते काही बोलले नाहीत. हिच्या मते त्यांना माझ्या छातीची काळजी वाटली. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी त्या मुलाला घरी बोलावून त्याच्याकडून ब्लडप्रेशर मोजून घेतलं, असं कळलं. यंत्र जुनं होतं. वरचा आकडा जास्त आला, तेव्हा यंत्र जुनं असल्यामुळे तो धरू नये असं ते म्हणाले. मुलगा म्हणाला, "मी अजून पहिल्या वर्षाला आहे, आजोबा. पण डॉक्टरकडे जाऊन या. आकडा बरोबर असला तर?" ते जाऊन आले. आकडा बरोबर होता.

आमच्या ॲनाटॉमीच्या पहिल्या खंडात आतल्या पानावर चार नावं आहेत. पहिलं फाउंटन पेनाने, बाकीची बॉलपेनांनी. एकाने खांद्याच्या चित्राशेजारी 'हे नक्की विचारतात' असं लिहिलं आहे, दुसऱ्याने त्याच्याखाली 'विचारलं' असं लिहिलं आहे. नव्या आवृत्तीत हे कुठे मिळणार?

कन्येने परवा पाचवं नाव घातलं. अगदी बारीक अक्षरात, कडेला.

"एवढं कोपऱ्यात कशाला?" मी म्हणालो.

"खाली जागा ठेवायला नको?" ती म्हणाली, आणि ब्राउन पेपरचा उरलेला तुकडा मागायला आईकडे गेली.